बर्फावरचा महजर

२०२५ सालच्या अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल घराच्या भिंतींतून अंगावर येत असताना, माझा दूरध्वनी वाजला, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ परिचयाचा असलेला एक वृद्ध कंठ, क्षेमकुशल विचारण्याचा आपला नित्याचा परिपाठ सोडून, एवढेच म्हणाला, ‘‘काल केन गेला रे.’’ कोण केन, हे विचारण्याचे मला कारण पडले नाही. जगाच्या दृष्टीने केन ड्रायडन हा सहा स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या मॉंट्रियालच्या संघाचा गोलरक्षक, ‘द गेम’ या ग्रंथाचा कर्ता आणि कॅनडाच्या संसदेत निवडून जाऊन मंत्रिपद भूषविलेला गृहस्थ होता. आम्हां पाच स्नेह्यांच्या दृष्टीने मात्र तो इतिहास विषय घेऊन शिकणारा, सहा फूट चार इंच उंचीचा एक विद्यार्थी होता, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या गोलासमोर, पाठीवर एक हा अंक लावून उभा असलेला, आम्ही त्याला आमच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पुढचे आठ दिवस आम्ही पाचही जण, कोणी पुण्यात, कोणी ऑन्टारिओत, कोणी इथाकाजवळच्या आपल्या गोठ्याशेजारच्या घरात बसून, एकमेकांशी बोलत होतो. त्या बोलण्यात विलाप जवळजवळ नव्हता. होता तो केवळ तपशील. बॉस्टनच्या व्यावसायिक संघाने १९६४ मध्ये त्याची निवड केली, त्याचे हक्क लगोलग मॉंट्रियालकडे गेले, आणि तरीही व्यवसायाची वाट सोडून तो पदवी घेण्यासाठी कॉर्नेलला आला, हे एकाने सांगितले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची परवानगी नसे, म्हणून त्याला तीनच हंगाम मिळाले, आणि त्या तीन हंगामांत ७६ विजय, ४ पराभव व १ बरोबरी अशी त्याची नोंद झाली, हे दुसऱ्याने सांगितले. १९७१ मध्ये मॉंट्रियालने त्याला हंगामाच्या शेवटी बोलावले, नियमित सामने त्याच्या वाट्याला अवघे सहा आले, त्यानंतर तो चषक जिंकून बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि नवोदिताचे पारितोषिक मात्र त्याला त्याच्या पुढच्या वर्षी मिळाले, हे तिसऱ्याने सांगितले. हे सर्व आम्हां प्रत्येकाला ठाऊक होते. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक होते. तरी प्रत्येकाने ते सांगितले आणि इतरांनी ते प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकून घेतले. बाहेरचा मनुष्य या प्रकाराला निरुपयोगी माहितीची देवघेव म्हणेल. मला तो आता एक प्रकारचा धर्म वाटू लागला आहे, आणि तो तसा का वाटतो हेच मला येथे सांगावयाचे आहे.

मी १९६८ च्या शरदात मृदाशास्त्राच्या अभ्यासासाठी इथाकास गेलो. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कायुगा नावाच्या लांबोड्या सरोवराच्या दक्षिण टोकाशी हे गाव वसले आहे, आणि गावाच्या पूर्वेकडील टेकडीवर, दोन खोल घळ्यांच्या मधोमध, विद्यापीठ उभे आहे. नोव्हेंबरात तेथे दिवस आखडतो, ढग सरोवरावर येऊन बसतात, आणि एप्रिलपर्यंत ते हलत नाहीत. अशा त्या ऋतूत, ज्याच्या गावी थंडी म्हणजे पौषातील पहाटेची शेकोटी एवढाच अर्थ होता अशा मला, माझ्या खोलीत राहणाऱ्या कॅनेडियन सोबत्याने एका जानेवारीच्या संध्याकाळी लायना रिंक या इमारतीत नेले. बाहेर हिमवर्षाव होत होता आणि आत त्याहून निराळी, माणसांच्या श्वासांनी दमट झालेली थंडी होती. चार हजारांच्या आतबाहेर माणसे मावतील एवढीच ती वास्तू. तिच्या बाकांवर खेटून बसलेल्या जमावाच्या मधोमध ते पांढरे अंगण पसरलेले होते, सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद.

मी हॉकी पुण्याच्या मैदानांवर पाहिलेली होती. हा खेळ नावापुरताच तिचा सखा आहे. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते, आणि ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू, वीस वीस मिनिटांचे तीन डाव, आणि वेग असा की नवख्या डोळ्याला चकती दिसतच नाही. ती कोठे आहे हे लोकांच्या माना कोणीकडे वळल्या यावरून ओळखावे लागते. कान मात्र पहिल्या दिवसापासून साथ देतो. पोलादी पाती बर्फ कापतात तेव्हा नव्या कापडात कात्री चालवल्यासारखा जो आवाज होतो, आणि चकती लाकडी कठड्यावर आदळल्यावर जो बंद दरवाजावर पडलेल्या थापेसारखा आवाज होतो, ते दोन आवाज मी आजही डोळे मिटून वेगळे काढू शकतो. दोन डावांच्या मध्ये झांबोनी नावाचे यंत्र संथपणे फेऱ्या घाली. ते बर्फाचा ओरखडलेला थर तासून घेई आणि मागे गरम पाण्याचा पातळ पदर सोडी. गरम पाणी का, असे मी विचारले, तेव्हा माझ्या सोबत्याने सांगितले की ते जुन्या बर्फाला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते आणि गोठल्यावर पृष्ठभाग निर्दोष होतो. मातीचा अभ्यास करणाऱ्या मला ते उत्तर फार आवडले. जुन्याला स्पर्श करून त्यात मिसळल्याखेरीज नवा थर टिकत नाही, हे मला शेतातही दिसत आले होते.

त्या रिंकच्या नावाची हकिकत मला तेथेच, त्याच संध्याकाळी, शेजारच्या बाकावरील एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याने सांगितली, आणि तेथूनच आमचा स्नेह जडला. पूर्वी हा खेळ विद्यापीठाच्या आवारातील बीबी तळ्यावर, उघड्या आकाशाखाली होत असे. तळे गोठेल तेव्हा सामना आणि वितळेल तेव्हा विराम, अशी वहिवाट. बर्फाचा भरवसा राहिना, म्हणून १९४८ मध्ये खेळ बंदच पडला. नऊ वर्षे गेली. मग १९५७ मध्ये ही इमारत उभी राहिली. तिला द्रव्य दिले ड्यूपॉन्ट कंपनीचे प्रमुख वॉल्टर कार्पेंटर यांनी, आणि नाव दिले ते आपले नव्हे, तर विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे माजी संचालक असलेले आपले मित्र जेम्स लायना यांचे. ‘‘येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी लायना असते,’’ तो शेतकरी म्हणाला, ‘‘पण मी ज्याला ज्याला भेटतो त्याला कार्पेंटरचे नाव सांगतो. ते कोठे तरी चालू राहिले पाहिजे.’’ हे वाक्य मी त्या वेळी ऐकले आणि सोडून दिले. त्याचा अर्थ कळण्यास मला चाळीस वर्षे लागावयाची होती.

त्या हंगामात मी ड्रायडनला पाहिले. १९६७ मध्ये त्याच्याच पहिल्या हंगामात कॉर्नेलने बॉस्टन विद्यापीठास ४-१ असे हरवून पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेले होते. १९६९ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यास पोहोचला आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे डेन्व्हरकडून ४-३ असा हरला. ड्रायडनच्या चार पराभवांपैकी तो शेवटचा. आता उतरती कळा लागणार, असे सर्वजण म्हणाले, कारण असा रक्षक गेल्यावर गोल उघडा पडणार हे उघड दिसत होते. नेड हार्कनेस या प्रशिक्षकाने मात्र १९६९-७० चा हंगाम सुरू केला आणि संघ जिंकू लागला. घरी तो १९६७ पासून हरलेलाच नव्हता. १९७२ पर्यंत चाललेली ६३ गृहविजयांची ती अखंड मालिका आमच्या डोळ्यांसमोर लांबत होती. पण त्या वर्षी बाहेरही तो हरेना. मार्चमध्ये लेक प्लॅसिड येथे उपान्त्य सामन्यात विस्कॉन्सिनचा २-१ असा पराभव झाला, आणि अंतिम सामना क्लार्कसनशी पडला. मला जाणे परवडण्यासारखे नव्हते. माझा सोबती गेला आणि दुसऱ्या दिवशी घसा पूर्ण बसलेल्या अवस्थेत परतला. बोलता येईना, म्हणून त्याने माझ्या प्रयोगवहीच्या पानावर लिहिले: ६-४. त्याखाली लिहिले: लॉडबोआ, तीन. डॅन लॉडबोआ हा बचावफळीतील खेळाडू, म्हणजे ज्याचे काम गोल वाचवण्याचे. त्याने अखेरच्या डावात तीन गोल केले होते. त्याही खाली त्याने लिहिले: २९-०-०. एकोणतीस सामने, एकोणतीस विजय, पराभव नाही, बरोबरीसुद्धा नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष आइस हॉकीच्या वरिष्ठ विभागात असा निष्कलंक हंगाम करून राष्ट्रीय अजिंक्यपद घेणारा दुसरा संघ त्यापूर्वी झाला नव्हता आणि पुढे अर्धशतक उलटून गेले तरी झालेला नाही. तो कागद माझ्यापाशी अजून आहे.

मी परत आलो, कृषिखात्यात नोकरी केली, आणि तीस वर्षे त्या बर्फाचा उच्चार ज्याच्यापाशी करावा असे माणूस मला येथे भेटले नाही. पत्रे मात्र येत राहिली. १९७३ नंतरच्या एका पत्रात हार्वर्डशी झालेल्या वैराची कथा आली. कॉर्नेलमध्ये कृषिमहाविद्यालय आहे, तेव्हा ही शेतकऱ्यांची शाळा, असे हिणवण्यासाठी हार्वर्डच्या कोणी प्रेक्षकाने कॉर्नेलच्या गोलरक्षकाच्या रोखाने मेलेली कोंबडी फेकली, आणि पुढे लायनात हार्वर्डचा संघ बर्फावर उतरला तेव्हा, तुम्ही बॉस्टनकडील कोळी, हे सुचवण्यासाठी, त्याच्यावर मासे पडले. ती प्रथा आजतागायत चालू आहे. मी स्वतः त्याच कृषिमहाविद्यालयाचा विद्यार्थी, तेव्हा ती कोंबडी जणू माझ्याच अंगावर येऊन पडली असे मला वाटले, आणि त्या माशांचा अभिमानही वाटला. पण खरी गंमत पुढे होती: माझ्या तीन स्नेह्यांनी ही एकच कथा मला तीन पत्रांतून तीन तऱ्हांनी लिहिली. कोंबडी जिवंत की मेलेली, बांधलेली की फेकलेली, आधी आली की नंतर, याविषयी त्यांची एकवाक्यता नव्हती, आणि प्रत्येकाच्या पत्राच्या शेवटी तेच शब्द होते: मी तेथे होतो.

अशा साक्षींशी माझा परिचय लहानपणापासूनचा होता. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर उरला असताना प्रतिपक्षाने खेळणे सोडून दिले, आणि या फलंदाजास पुढे एकही कसोटी सामना लाभला नाही. आमच्या वाड्याच्या ओट्यावर ती हकिकत मी शेकडो वेळा ऐकली. प्रत्येक सांगणाऱ्याची वेळ निराळी, फटक्यांची दिशा निराळी. परंतु आमच्या थोरल्या काकांची एक रीत होती. सर्वांचे सांगून झाले की ते आम्हां मुलांकडे वळत आणि विचारीत, ‘‘आणि समोर कोण होता?’’ आम्ही एका सुरात म्हणावयाचे, ‘‘कमल भांडारकर.’’ ‘‘किती?’’ ‘‘दोनशे पाच.’’ ‘‘भागीदारी?’’ ‘‘चारशे पंचावन्न.’’ मगच काका उठत. ज्याच्या नावाने दिवस ओळखला जातो त्याचे नाव कोणीही सांगेल. समोरच्या टोकाला जो उभा होता त्याचे नाव सांगणाऱ्यालाच त्या ओट्यावर जाणकार मानीत.

ही शिकवण घेऊन वाढलेला मनुष्य मी, आणि तरीही माझ्याकडून जे घडले ते मला सांगितलेच पाहिजे. २०१० च्या फेब्रुवारीत कॉर्नेलने ड्रायडनचा एक आणि जो न्यूएन्डाइकचा पंचवीस हे दोन अंक कायमचे निवृत्त केले. त्या संघाच्या इतिहासात असा मान तोवर कोणासही मिळालेला नव्हता. त्याच हिवाळ्यात मुलीकडे गेलो असता मी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन लायनात सामना पाहावयास गेलो. बाके तीच होती. प्रतिपक्षाच्या खेळाडूंची नावे पुकारली जाऊ लागताच विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रे उघडून तोंडासमोर धरली, जणू या नावांत आम्हांस काडीचा रस नाही, आणि आपला संघ येताच त्या कागदांचे बोळे करून हवेत उधळले. अकीक खड्याच्या तांबड्या रंगाचे पोशाख बर्फावर उतरले. मी नातवाला अभिमानाने सांगितले, ‘‘तो एक नंबरचा ड्रायडन आहे ना, त्यानेच आमच्या वेळी एकोणतीसच्या एकोणतीस सामन्यांत गोल राखला.’’

सामन्यानंतर आम्ही त्या शेतकरी मित्राच्या घरी गेलो. जुनी मंडळी जमली होती. नातवाने मोठ्या उत्साहाने माझे वाक्य सर्वांना ऐकवले. कोणी हसले नाही. माझा मित्र उठला, आतल्या खोलीत गेला, आणि एका पत्र्याच्या पेटीतून सामन्याच्या वेळी विकली जाणारी एक पुस्तिका घेऊन आला. तिच्या कडा पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या होत्या. मधल्या पानावर खेळाडूंच्या नावांची फेरिस्त होती आणि तिच्या बाजूला त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या, प्रत्येक गोलास एक उभी रेघ, पाचवी आडवी. गाईच्या दोरांनी घट्टे पडलेले ते जाड बोट यादीवरून सरकत गेले आणि एका नावाखाली थांबले. ‘‘हा,’’ तो नातवाला म्हणाला, ‘‘ब्रायन क्रॉपर. ड्रायडन १९६९ मध्ये पदवी घेऊन गेला. त्या वर्षी गोलात हा होता.’’

मी त्या नावाकडे पाहत राहिलो. माझ्या चुकीचे कारण मला तत्क्षणी कळले. मॉंट्रियालला गेल्यावर ड्रायडनने पाठीवर २९ हा अंक लावला. आमच्या संघाचे विजय २९. एका अंकाने दोन गोष्टींचा सांधा जुळवला आणि माझ्या मनाने प्रख्यात मनुष्याला अप्रख्यात मनुष्याच्या जागी नेऊन उभे केले. क्रॉपरला मी पाहिले होते. अंगाने तो लहानखुरा. ड्रायडन गोलासमोर भिंतीसारखा उभा राही, हा मात्र डाव्या उजव्या खांबांमध्ये सारखा हलत, वाकत, झेपावत राही. इतक्या मोठ्या माणसाच्या रिकाम्या जागी उभे राहून, ‘आता गोल उघडा पडणार’ हे प्रत्येकाच्या तोंडचे भाकीत कानांवर घेऊन, तो खेळला होता आणि त्याने ते भाकीत खोटे केले होते. मी ते पाहिले होते, टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तरी चाळीस वर्षांनी त्याचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खाती जमा करून ते नातवाच्या हवाली केले होते. कोणाचे वतन दुसऱ्याच्या नावे चढवण्याइतकेच ते गैर होते.

मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसत असे. गावचा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आपापली साक्ष देत, त्या साक्षींची शहानिशा होई, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर प्रत्येकजण आपली निशाणी करी: पाटील नांगर काढी, कुंभार चाक, न्हावी आरसा. एकट्याच्या आठवणीवर कोणाचेही वतन सोडू नये, ही त्यामागची जाण होती. त्या रात्री त्या शेतघरात मी जे पाहिले ते याहून निराळे नव्हते. एकाने पुस्तिका आणली, दुसऱ्याने लेक प्लॅसिडच्या सामन्याचा क्रम सांगितला, तिसऱ्या बाईंनी, ज्या ग्रंथालयात नोकरीस होत्या, त्या संघाच्या कर्णधारांपैकी डिक बर्ट्रांड हाच हार्कनेस डेट्रॉईटला गेल्यावर पुढच्या वर्षी प्रशिक्षक झाला याची आठवण करून दिली, आणि साऱ्यांच्या साक्षीने क्रॉपरचे वतन क्रॉपरकडे परत गेले. प्रत्येकाची स्मृती एकेकटी सदोष होती. एकत्र बसल्यावर ती विश्वसनीय झाली. रसिक लोक जमून जुन्या खेळाचे बारीकसारीक तपशील उगाळत बसतात तेव्हा ते हेच करीत असतात, मग त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

कोणी म्हणेल की हे सर्व छापील अहवालांत सापडते, त्यासाठी माणसांनी का खपावे? अहवालांत विजेत्यांची नावे सापडतात. २०२० च्या मार्चमध्ये कॉर्नेलचा संघ २३ विजय, २ पराभव आणि ४ बरोबऱ्या घेऊन देशात पहिल्या क्रमांकावर होता, तोच महामारी आली आणि राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. अजिंक्यांच्या यादीत त्या वर्षासमोर कोणाचेही नाव नाही. ती मुले किती चांगली होती, हे ज्यांनी पाहिले त्यांनीच सांगावयाचे आहे, आणि ज्यांनी ऐकले त्यांनी पुढे न्यावयाचे आहे. यशाची नोंद संस्था ठेवतात. जे अपुरे राहिले, जे दुसऱ्याच्या सावलीत घडले, ज्याने द्रव्य देऊन नाव मित्राचे दिले, त्याची नोंद ठेवण्याचे काम बाकांवर बसणाऱ्या सामान्य माणसांवर सोपवलेले असते. ते काम पगारी नाही आणि त्याला मानमरातब नाही, म्हणूनच ते प्रेमावाचून होत नाही.

अनंत चतुर्दशीच्या त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ बोललो. ढोलांचा आवाज ऐकून मित्राने विचारले, तेव्हा मी त्याला सांगितले की ज्याची दहा दिवस पूजा केली त्याला निरोप देण्याचा आमच्याकडचा हा दिवस आहे, आणि पुढच्या वर्षी लवकर या, असे म्हणून आम्ही तो देतो. तो काही वेळ बोलला नाही. मग आम्ही ड्रायडनचे सामने पहिल्यापासून मोजू लागलो.

वाचकहो, तुमच्या गावातही एखादा संघ असेल, एखादी तालीम, एखादे नाटकमंडळ, आणि त्याच्या उत्तम दिवसांचे साक्षीदार अद्याप हयात असतील. त्यांना एकत्र बसवा, त्यांना भांडू द्या, आणि प्रसिद्ध नाव सांगून झाले की समोर कोण होता हे आवर्जून विचारा. माझा नातू आता चोवीस वर्षांचा आहे. ड्रायडन गेल्याचे मी त्याला कळवले तेव्हा त्याने प्रथम दुःख व्यक्त केले, आणि नंतर, मी काही विचारण्यापूर्वीच, तो म्हणाला, ‘‘पण आजोबा, १९७० ला गोलात ब्रायन क्रॉपर होता.’’